सुमीचा गोल

धुळ्याच्या देवपुरात आमचं घर गॅरेजच्या मागे होतं की गॅरेज घराच्या पुढे होतं, यावर आईचं आणि नानांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. आई म्हणे, घर आधीचं. तुम्ही अंगणावर पत्रे टाकून लोकांच्या गाड्या आणून उभ्या केल्या. नाना म्हणत, गॅरेज आहे म्हणून चूल पेटते. नाना म्हणजे आमचे वडील. सगळी वस्ती त्यांना नाना म्हणायची, म्हणून आम्ही दोघं भावंडंही तेच म्हणायला शिकलो. स्वयंपाकघराची खिडकी थेट शेडमध्ये उघडायची. तिच्यातून आत डिझेलचा धूर यायचा आणि बाहेर मिरच्या भाजल्याचा ठसका जायचा. भरताची वांगी निखाऱ्यावर पडली की काम संपलेली गिऱ्हाइकंसुद्धा उगाच बॉनेटला हात लावत रेंगाळायची. आईला ते कळायचं. ती कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ थोडं जास्तच मळून ठेवायची आणि वर आम्हालाच ओरडायची, की तुमच्या नानांनी गॅरेज काढलं की खानावळ. तिचा कानही काही कमी नव्हता. फाटकातून गाडी आत वळत असतानाच ती चुलीपासून न उठता सांगायची, पारोळ्याची जीप आली, चहात पाणी वाढव. कधी चुकली नाही. कान आमच्या घरात होताच. तो कोणाच्या वाट्याला किती आला, एवढाच प्रश्न होता, आणि माझं अख्खं तारुण्य त्या एका प्रश्नात गेलं.

नानांची कामाची एक रीत होती. इंजिन कुरकुरतंय, कण्हतंय, शिट्टी मारतंय असं म्हणत कोणी आलं, की त्या गाडीला पाना लावायचा नाही. आधी ऐकायचं. त्यांच्याजवळ हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिच्या एका टोकाला त्यांनी बाभळीच्या लाकडाची गोल मूठ ठोकून बसवली होती. सळईचं टोक चालू इंजिनच्या भागावर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. पट्टा, पंख्यामागचा पाण्याचा पंप, डायनॅमो, पट्टा ताणून धरणारी टेन्शनरची पुली, एकेक ठिकाण. बाहेरून सगळं एकच गोंगाट वाटतं. सळईतून प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो. चांगलं बेअरिंग नुसतं घुमतं. खराब झालेलं असेल तर आत कोणी जोंधळे भरडतंय असं वाटतं. त्याआधी नाना तांब्यातलं थोडं पाणी चालत्या पट्ट्यावर शिंपडायचे. आवाज क्षणभर गेला तर दोष पट्ट्याचा. नाही गेला तर मग सळई.

आणि मग खडू. ज्याने ज्याने ऐकलं त्याने आपल्याला संशय असलेल्या भागावर खडूने खूण करायची, त्या वेळी बाकीच्यांनी पाठ फिरवायची. एकाचं पाहून दुसऱ्याने ऐकू नये, एवढाच त्यात नानांचा हेतू. त्यांची आडवी रेघ, माझी फुली. नंतर पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवून, हलवून बघायची आणि मग भाग उघडायचा. ज्याची खूण चुकली त्याने ती रॉकेलच्या बोळ्याने स्वतः पुसायची. ज्याची बरोबर त्याची खूण तशीच ठेवून, नाही तर नव्या भागावर पुन्हा काढून, गाडी बाहेर सोडायची. गिऱ्हाइकांनाही हे माहीत होतं. निघताना ते बॉनेट उघडून बघायचे आणि हसायचे, आज कोण जिंकलं.

सुमी माझ्यापेक्षा धाकटी. ती शेडमध्ये यायची ती चहा घेऊन. एकदा नाना आणि मी एका टेम्पोवर वाकलेलो होतो, मी डायनॅमोवर फुली मारलेली होती, आणि ती कपबशा ठेवता ठेवता अगदी सहज म्हणाली, "नाना, वरचं नाही वाजत, खालचं वाजतंय." नानांनी तिच्याकडे पाहिलं. मी हसलो. नानांनी कानावरची सळई काढली आणि तिच्या हातात दिली. तिने डोळे मिटले, आणि मी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही, कारण ऐकताना माझा चेहरा तसा कधी होत नसे. मी ऐकताना नाना बघतायत का ते बघत असे.

खालचंच होतं. माझी फुली मी पुसली.

त्या दिवसापासून तिची खूण गोल ठरली. ती खालून सुरू करायची, डावीकडून वर जायची, आणि पुन्हा खाली येऊन टेकायच्या आधी खडू उचलायची, म्हणून गोलाला खाली जरा तोंड राहायचं. नाना अहिराणीत विचारायचे, "सुमे, कोठे वाजस?" मला ते कधी असं विचारत नसत. मला म्हणायचे, "पहिले आयक, मंग हात लाव." हा उपदेश झाला, तो प्रश्न होता. उपदेश आणि प्रश्न यांतला फरक मला त्या वयात सांगता आला नसता, पण पोटात कळत होता. मी मोटर मेकॅनिकचा कोर्स करत होतो, माझ्या नावाने गॅरेज चालणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं, पाटीसाठी रंगाऱ्यालाही नानांनी सांगून ठेवलं होतं. सुमीला काय, शिकून लग्न होऊन जायचंय. माझं काहीच जात नव्हतं. तरी मी जळत होतो, आणि जळण्याचं कारण इतकं बारीक होतं की ते लिहितानाही मला लाज वाटते. नाना आधी स्वतः ऐकायचे आणि मग सळई तिच्याकडे द्यायचे. ती ऐकून माझ्याकडे द्यायची. नानांच्या कानाला लागून ती मूठ गरम झालेली असायची, ती गरम मूठ तिला मिळायची. मला मिळायची तेव्हा ती तिच्या कानाने गरम झालेली असे. बस, एवढंच. एका लाकडाच्या मुठीवरून माणूस सख्ख्या बहिणीचा इतका राग करू शकतो, हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हळूहळू धुळ्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली सुमीचे गोल फिरू लागले. मी पांझरेच्या पुलावरून सायकलने जायचो आणि समोरून येणारी एखादी ओळखीची गाडी दिसली की मला आधी तिचा गोल आठवायचा. आईला हे प्रकरण फारसं आवडत नव्हतं. पोरीच्या वेणीला रॉकेलचा वास येतो म्हणायची. तिने तक्रार केली की मी मोठ्या माणसासारखा तिची बाजू घ्यायचो. पोरीच्या जातीला शेडमध्ये शोभत नाही असं मी म्हणायचो, आणि आईला वाटायचं, मुलगा शहाणा झाला.

दोंडाईच्याचे पारसशेठ आमचे जुने गिऱ्हाईक. कापडाचं दुकान, आणि माल पोचवायला एक व्हॅन, ती ते स्वतः चालवायचे. गोल चेहरा, कपाळावर केशरी टिळा, बोलण्यात मारवाडी, हिंदी आणि मराठी एकाच पंगतीला बसलेल्या. व्हॅन फाटकात उभी करून ते इंजिन बंद न करता खाली उतरायचे आणि म्हणायचे, "नाना, आपली बाई घरी आहे ना? असेल तर बसतो. नसेल तर उद्या येतो." बाई म्हणजे सुमी. सगळे हसायचे, मीही. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ काय करतो मग? चहा आणतो का?" गंमत होती. नानाही हसले. पारसशेठांनी मनात काहीच ठेवून म्हटलं नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी ते ठेवून घेतलं.

मग तो उन्हाळा. आईने गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला काढले होते. ज्वारीचा चीक पातेल्यात गदगदत होता आणि घरभर त्याचा कोंदट आंबूस वास भरून राहिला होता. सकाळीच पारसशेठांची व्हॅन आली ती लांबूनच कण्हत आली. मागे कापडाचे गठ्ठे. माल दुपारच्या आत जळगावला पोचवायचा होता, तिथे एका लग्नघरी बस्ता खोळंबला होता. त्याच वेळी साक्री रस्त्यावर एक ट्रक बंद पडल्याचा निरोप घेऊन मोटारसायकलवर माणूस आला होता आणि नाना त्याच्या मागे बसून निघायच्या बेतात होते. त्यांनी जाता जाता व्हॅनवर कान टाकला, पट्ट्यावर पाणी शिंपडून बघितलं. आवाज गेला नाही. "बेअरिंग शे," म्हणाले. मग आम्हा दोघांना सांगितलं की ऐका, खुणा करा, शेठला घाई आहे. दोघांची खूण एका जागी पडली तर मी यायची वाट न बघता उघडा, नाही पडली तर थांबा. पारसशेठांना त्यांनी आत पाठवलं, घटकाभर टेका, चहा घ्या म्हणून. आणि सळई त्यांनी सुमीच्या हातात दिली.

तिने ऐकलं. मी पाठ फिरवून उभा होतो. मग तिने सळई मला दिली आणि पाठ फिरवली. मी ती प्रथम टेन्शनरच्या पुलीवर टेकवली. स्वच्छ घुमत होती. डायनॅमोवर टेकवली, तोही ठीक. मग पाण्याच्या पंपावर टेकवली, आणि आत जोंधळे भरडत होते. त्या दिवशी मला इतकं साफ ऐकू आलं, जितकं कधीच आलं नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. माझा कान त्या दिवशी चुकला नाही. मग वाकून पाहिलं, तर पंपाच्या पोटावर सुमीचा गोल होता, खाली तोंड असलेला. मी फुली त्याच्या शेजारी काढायची, दोघांची खूण एक, पंप उघडायचा, झालं. पण मला पुढचं सगळं दिसत होतं. पारसशेठ बाहेर येऊन बॉनेटमध्ये डोकावणार, आधी गोल बघणार, म्हणणार, बाई तर बाईच आहे. संध्याकाळी नाना येणार, आधी गोल बघणार. माझी फुली म्हणजे तिच्या गोलाला मान डोलावल्यासारखी.

तेवढ्यात आईने गच्चीवरून हाक मारली, चीक निवतोय, सुमे, ये लवकर. ती जाताना म्हणाली, "भाऊ, दोघांचं एकच आलं तर सांग रे."

मी इंजिन बंद केलं. रॉकेलचा बोळा घेतला आणि तिचा गोल पुसला. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून गंजाळ पाण्याचा एक ओघळ उतरलेला होता, बेअरिंगबरोबर आतलं सीलही चाललंय याची ती खूण, तोही पुसला. मग टेन्शनरच्या पुलीवर एक फुली मारली, आणि तिच्या शेजारी एक गोल काढला. खालून सुरू केला, डावीकडून वर नेला, आणि खाली टेकायच्या आधी खडू उचलला. इतका चांगला गोल मला काढता येतो याचं मला त्या क्षणी नवल वाटलं, आणि काय सांगू, थोडा आनंदही झाला.

पट्टा काढला. पंपाची पुली धरून हलवली तर ती हातात डुगडुगली, ते मी बघितलं आणि सोडून दिलं. टेन्शनरचं चांगलं बेअरिंग ठोकून काढलं, नवीन बसवलं. पट्टा परत चढवताना तो हवा तेवढा ताणला नाही, जरा ढिलाच ठेवला. पट्ट्याची ओढ कमी झाली की पंपाच्या दांड्यावरचा भार कमी होतो आणि खराब बेअरिंगही काही काळ गप्प बसतं, हे मला कोर्सात कोणी शिकवलेलं नव्हतं, नानांनीच कधीतरी सांगितलं होतं. इंजिन चालू केलं. कण्हणं गेलं होतं. मी इंजिन पुन्हा बंद केलं. पारसशेठ खूष होऊन बाहेर आले, बॉनेटमध्ये डोकावले, फुली आणि गोल शेजारी शेजारी बघून म्हणाले, आज भाऊ-बहीण जोडीने. मी हसलो. सुमी चिकाने भरलेले हात घेऊन खाली आली तेव्हा व्हॅन फाटकाकडे वळायची होती आणि बॉनेट अजून उघडं होतं. ती बघत राहिली.

"हा मी काढला?" तिने विचारलं.

"मग कोणी?" मी म्हणालो.

ती आणखी काही बोलायच्या आत पारसशेठांनी बॉनेट पाडलं.

पारोळा ओलांडून व्हॅन एरंडोलच्या अलीकडे उभी राहिली. पंपाचा दांडा मोडला, पंखा रेडिएटरमध्ये घुसला, आणि वाफ का येतेय बघायला पारसशेठांनी बॉनेट उघडलं तेव्हा उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं, कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवशी ते हाताला पांढरी पट्टी बांधून कोणाच्या तरी गाडीतून आले आणि शेडमधल्या बाकावर बसले. आवाज चढवला नाही. नानांना एवढंच म्हणाले, "मी कुठे गाडीवर भरवसा ठेवला होता, नाना. पोरीच्या कानावर ठेवला होता." पोराच्या म्हणाले नाहीत. जबाबदारीसुद्धा त्यांनी तिलाच दिली, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या घटकेलाही मला तिचा हेवा वाटला.

नानांनी सुमीला बोलावलं. ती म्हणाली, मी पंपावर काढला होता गोल. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "टेन्शनरवरच होता. शेठनीही पाहिलाय." शेठनी मान हलवली, त्यांनी खरंच पाहिला होता. नाना तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "चुकस मानूस. पन चुकावर खोटं नही बोलो, बेटा." सुमी खिडकीच्या गजाला धरून उभी होती. आतून आईने भांडं जरा जोरात ठेवलं. नानांनी त्या मुलीला खोटं बोललीस असं म्हटल्याचं मी आयुष्यात एकदाच ऐकलं, ते हे.

मला वाटत होतं, ती भांडेल. मी तयारीत होतो. पण ती विचार करू लागली. रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी घासताना तिने मला अगदी साध्या आवाजात विचारलं, की भाऊ, आई हाक मारत होती, माझं लक्ष नव्हतं, त्या गडबडीत हात दुसरीकडे गेला असेल का? मी म्हणालो, असेल. पुढच्या गाडीला नानांनी सळई दिली तेव्हा तिने डोळे मिटले, ऐकलं, खडू घेतला, आणि तिचा हात त्या पुल्यांवरून नुसता फिरत राहिला. खडू तिने परत डबीत ठेवला. आणखी एकदोनदा तसंच झालं. मग चहाच्या कपबशा आई स्वतः आणू लागली.

पाटी लागली. नानांनी सळई मला दिली, कायमची. "आते तूच देख," म्हणाले. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं, फक्त एक गोष्ट बदलली. नानांनी स्वतः आधी ऐकणं सोडून दिलं. ते बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे आणि मी खिळ्यावरची सळई काढून घ्यायचो. थंडीच्या दिवसांत ती मूठ कानाला लावली की अंगावर शहारा यायचा. ती मला गरम अशी कधीच मिळाली नाही. नाना गेले तोवर नाही.

सुमी जळगावात दिली. नवरा डाळमिलमध्ये कामाला, घर मिलच्या मागच्या गल्लीतच. मी पहिल्यांदा तिच्याकडे भाऊबीजेला गेलो तेव्हा ओवाळून घेताना भिंतीपलीकडून पट्ट्यांचा आणि पुल्यांचा अखंड आवाज येत होता. एका पुलीचं बेअरिंग चाललेलं होतं. मला ऐकू आलं, म्हणजे तिला येतच असणार. मी तिच्याकडे बघितलं. ती ताटातला दिवा सारखा करत होती. नंतर नवऱ्याने मिल सोडली, दोघांनी मेस काढली, आणि आता तिची मुलगी प्राची कारखान्यांमधल्या कामगारांना डबे पोचवते, स्वतःची व्हॅन घेऊन. पोरगी बिनधास्त आहे. मला मामा म्हणते आणि मुद्द्याचं बोलते.

आता पोरं आवाजसुद्धा मोबाइलवर पाठवतात. यंदाच्या उन्हाळ्यात प्राचीने व्हॅनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मामा, काय आहे हे? मी तो कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला. काही कळलं नाही. इतकी वर्षं ग्राइंडर आणि हातोडीजवळ घालवल्यावर माझे कान आता बारीक आवाज सोडून देतात, उजव्यात तर आपलीच एक शिट्टी कायम चालू असते. हे मी गॅरेजात कोणाला सांगितलेलं नाही. प्राचीला म्हटलं, येऊन बघतो, आणि सळई पिशवीत घालून एसटीने जळगावला गेलो.

दुपारचे डबे जाऊन आले होते. सुमी दारातच कळण्याचं पीठ मळत बसली होती. मी बॉनेट उघडलं, पट्ट्यावर पाणी शिंपडलं, सळई लावली. एकदा या टोकाला, एकदा त्या. नुसती घरघर. प्राची माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी सळई उगाच आणखी एका जागी टेकवली. मग ती आईला म्हणाली, तू ऐक ना, तू तर मिल बंद पडायच्या आधी सांगायचीस मोटर जाणार म्हणून. हे मला माहीत नव्हतं. सुमी हसून म्हणाली, मला काय कळतं त्यातलं. प्राचीने माझ्या हातून सळई घेतली आणि तिच्या हातात दिली. सुमीने पिठाचा हात पदराला पुसला, मूठ कानापुढे धरली आणि डोळे मिटले. पस्तिशी, चाळिशी, पन्नाशी, सगळं त्या चेहऱ्यावरून उतरून गेलं. माझ्या पोटात तीच जुनी आग उठली, इतकी ओळखीची, की मला तिची जवळजवळ सोबत वाटली.

तिने डोळे उघडले. "टेन्शनर वाटतोय," ती म्हणाली. मग लगेच सळई खाली घेतली. "म्हणजे तो नसणार. तेव्हाही मला टेन्शनरच ऐकू आला होता ना, भाऊ. पारसशेठांच्या गाडीला. माझ्या कानात तीच खोट आहे."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी तिची खूण पुसली. तिला काय ऐकू आलं होतं तेसुद्धा मी पुसून टाकलं होतं, आणि तिथे तिने स्वतःच्या हाताने माझं खोटं लिहून ठेवलं होतं, हे मला त्या अंगणात कळलं.

मी म्हणालो, "तुला पंप ऐकू आला होता. पंपच होता. तुझा गोल पंपावर होता, मी पुसला. दुसरा मी काढला."

व्हॅनचं इंजिन चालूच होतं. सुमी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, ज्या गाडीतून काय वाजतंय ते अजून कळलेलं नाही तिच्याकडे बघतात तशी. का, असं तिने विचारलं नाही. मी ते उत्तर घेऊन तयार होतो, मुठीचं आणि सगळं. ते तिला नको होतं.

"नानांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"म्हणजे गेले ते, मी खोटं बोलले हेच धरून गेले."

ती पुन्हा वाकली, सळई टेन्शनरच्या पुलीवर टेकवली, पंपावर टेकवली, पुन्हा टेन्शनरवर आणली. या वेळी घाई नव्हती. तिने प्राचीला इंजिन बंद करायला सांगितलं. खडू कोणाजवळ नव्हता. तिने परातीतल्या कोरड्या पिठात बोट बुडवलं आणि टेन्शनरवर गोल काढला. खालून सुरू केला, डावीकडून वर नेला, आणि मी बघत असताना, या खेपेला बोट न उचलता पुरा केला.

"खोल," ती प्राचीला म्हणाली. "पण आधी तूही ऐक."

इंजिन पुन्हा चालू झालं. सुमीने आधी स्वतः एकदा ऐकलं. मी हात पुढे केलेला होता, सवयीने. सुमीने सळई कानावरून काढली आणि माझ्या पुढून पलीकडे, पोरीच्या हातात दिली. प्राचीने मूठ धरली आणि म्हणाली, "आई, किती गरम आहे ही."